धाकटा प्रिचर्ड

"आठ दिवस द्या, साहेब! तुमचं सगळं खानदान काचनळीत घालून दाखवतो!"

परसू गावडे, बी.एस्सी., धारवाडच्या एका कॉलेजातला रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर, भर प्रयोगशाळेत हे बोलून गेला, तेव्हा त्याच्या स्वतःच्या लग्नाला जेमतेम महिना उरला होता. लग्नाला महिना उरलेल्या माणसानं दुसऱ्याच्या खानदानात नाक खुपसू नये, ही किती साधी गोष्ट! पण ती कुठल्या पाठ्यपुस्तकात दिलेली नाही, आणि पुस्तकात नाही ते परसूला कसं कळावं?

जगातली कुठलीही वस्तू आधी कोरडी तपासावी, मग ओली तपासावी, आणि शेवटी एक खात्रीची परीक्षा घेऊन निकाल द्यावा, असं परसूचं ठाम मत होतं. हुबळीत केशवापुरातल्या त्याच्या घरी येणारा गवळी दूध उंबऱ्यावरूनच ओतून पळ काढायचा. थांबला तर परसू दुधात नळी बुडवायचा! हेमावतीला पाहायला धारवाडला गेला, तेव्हा तिनं दिलेल्या सरबताचा घोट घेऊन त्यानं "आम्लाचं प्रमाण उत्तम आहे" असा शेरा मारला होता. मुलीला हसू आलं म्हणून निभावलं. तिचे वडील धोंडिबा सावंत, निवृत्त पोलीस जमादार, मात्र मिशीला पीळ देत त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू तो सरबत प्यायला नसून चोरायला आला होता.

"लग्न ठरलं, ठीक आहे," निघताना ते म्हणाले होते. "पण एक ध्यानात ठेवा. मी पोलीस खात्यातला माणूस. तारखेला हजर नाही, तर वॉरंट! बेळगावचा एक फौजदार मुलगा हेमीसाठी अजून रांगेत उभा आहे."

हेमावतीनं आतून दाराच्या फटीतून पाहिलं होतं आणि परसूच्या छातीत अशी काही खळबळ उडाली होती, की तिचं विश्लेषण त्याला आजवर करता आलेलं नव्हतं.

आता ज्यांचं खानदान काचनळीत जाणार होतं ते गृहस्थ. ग्विलिम प्रिचर्ड. साठी उलटलेले, पिकल्या टोमॅटोसारखे लाल, कडक उन्हातसुद्धा काखेत छत्री. मास्तरकीतून निवृत्त होऊन थेट वेल्सहून हुबळीला उतरलेले. त्यांचे आजोबा टॉमस प्रिचर्ड दगडाच्या खाणीतले कसबी कारागीर. रेल्वेच्या पुलांना दगड काढायला त्यांना इकडे आणलं. रूळ पडले, बाकीचे साहेब बोटीत बसून घरी गेले, आणि टॉमसराव अळनावरच्या पुढे रानाच्या कडेला राहिले ते राहिलेच! वेल्समध्ये बायको आणि पाळण्यात मुलगा. घरच्यांनी वाट पाहून पाहून शेवटी वाघानं खाल्लं असं जाहीर केलं आणि विषय मिटवला.

"गावडे, तुम्ही अळनावरकडचेच ना?" असं म्हणून प्राचार्यांनी हे पाहुणे परसूच्या गळ्यात घातले.

"म्हणजे तुम्ही इंग्रज," परसूनं सुरुवात केली.

साहेब असे उसळले, की चिमट्यातली परीक्षानळी खाली पडून फुटली. "इंग्रज? मी वेल्श आहे! आमची भाषा वेगळी, गाणी वेगळी, माणसं वेगळी! नकाशात त्यांनी आम्हाला आपल्यात ओढून घेतलंय, एवढंच!"

"अस्सं होय!" परसूला एकदम गहिवरून आलं. "अहो, आमचं तेच की! छप्पन्न साली रात्री झोपलो मुंबई राज्यात आणि सकाळी उठलो म्हैसूर राज्यात! घरात मराठी, दारात कानडी!"

दोघांनी कडकडून हात मिळवले, आणि त्याच भरात ते काचनळीचं वाक्य परसूच्या तोंडून निघून गेलं.

कोरडी परीक्षा पार फसली. ख्रिस्ती दफनभूमीतल्या एकूण एक दगडांवरचं शेवाळ परसूनं घासून काढलं, प्रिचर्ड नाही. कचेऱ्यांमध्ये विचारलं, सगळीकडे "इतकं जुनं इथं काही नसतं" हे एकच उत्तर. पँटीला काटे, नखात माती अशा अवस्थेत तो घरी आला तेव्हा अक्का ओट्यावर बसून जोंधळे पाखडत होती.

अक्का म्हणजे भागीरथी, परसूच्या वडलांची थोरली बहीण. नवरा वारल्यापासून भावाकडेच असायची. वडील अप्पाजी गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात लेथवर, बोलणं कमी. आई तर केव्हाच गेलेली. त्यामुळे घरातलं हायकोर्ट म्हणजे अक्का, आणि त्यावर अपील नाही.

"माणसाचं मूळ हवंय ना रे? मग दगड काय घासतोस?" अक्का म्हणाली. "हेळव्याला विचार की!"

परसू पोट धरून हसला. हेळवी म्हणजे घराण्यांची वंशावळ तोंडपाठ ठेवणारा माणूस. सुगी झाली की बैलावर बसून, घंटा वाजवत दारात येतो, आणि बैलावरून न उतरता तुमच्या खापरपणज्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांची नावं गाऊन दाखवतो. मग जोंधळे, धोतर, कांबळं असं मिळेल ते घेऊन पुढच्या दाराला जातो. गावड्यांचा हेळवी होता यल्लाप्पा. तोंडात तंबाखूचा बार, बोटात तीन अंगठ्या आणि नावांइतकीच बढाई.

"साहेबाची वंशावळ आपला यल्लाप्पा गाणार? अक्का, तूही कमाल करतेस!"

"विचारायला तुझं काय जातंय?"

खरंच, काय जाणार होतं! यल्लाप्पा उणकलच्या तळ्याकाठी उतरला होता. निरोप गेला आणि दुसऱ्याच दिवशी शिंगांना लाल गोंडे बांधलेला त्याचा पांढरा बैल केशवापूरच्या रस्त्यात मधोमध उभा राहिला. मागे एक सिटी बस आणि चार टांगे खोळंबले. प्रिचर्डसाहेब हॅट मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. अप्पाजी बशीत चहा ओतत होते.

"यल्लाप्पाण्णा," परसू डोळा मिचकावत म्हणाला, "अळनावरच्या रानात कोणी प्रिचर्ड नावाचा साहेब राहायचा. त्याचं काही येतं का तुम्हाला?"

यल्लाप्पानं डोळे मिटले, घंटा हलवली आणि गळा मोकळा सोडला.

"ऐका हो ऐका! गावड्याच्या घरात सटवाजी! सटवाजीच्या पोटी तीन ल्योक! थोरला भैरू! मधला रामू! आणि धाकटाऽऽ प्रिचर्ड!"

घंटा थांबली. रस्ता थांबला. अप्पाजींच्या ओठांपाशी गेलेली बशी तिथेच राहिली आणि चहा बनियनवरून खाली वाहू लागला. अक्काच्या हातातलं सूप पडलं, जोंधळे ओट्यावरून रस्त्यात गेले आणि बैलानं शांतपणे ते खायला सुरुवात केली.

"कोण धाकटा?" परसूचा आवाज उंदरासारखा आला.

"प्रिचर्ड."

"सटवाजीच्या पोटी?"

"कानात बोळे घातलेस काय रे शिकून शिकून? प्रिचर्ड म्हटलं की!" यल्लाप्पानं तंबाखूची पिचकारी टाकली. "परका माणूस. गावात राहायला जागा कोण देणार? त्याची आणि भैरूची खाणीवरची दोस्ती. भैरूनं काय केलं? पंचांना देवीच्या दारात बोलावलं, ह्याच्या डोईला फेटा बांधला, एका पानात जेवला आणि म्हणाला, हा माझा पाठचा भाऊ. आता द्या जागा! दिली की! माझ्या आज्यानं तिथंच त्याला वंशात घातला. एकदा घातला म्हणजे घातला!"

"काय म्हणतोय तो? काय म्हणतोय?" साहेब परसूची बाही ओढत होते.

"तो म्हणतो… तुमचे आजोबा… माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ."

साहेबांची छत्री खाली पडली. पुढच्या क्षणी त्यांनी अप्पाजींना चहासकट मिठी मारली! आयुष्यात कोणी मिठी न मारलेले अप्पाजी लेथवरच्या लोखंडी सळईसारखे ताठ उभे राहिले.

सगळ्यांचे डोळे अक्काकडे. अक्कानं पदर सावरला, साहेबांना खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि निकाल दिला.

"पंचांसमोर घातलेला माणूस म्हणजे कुळातला माणूस. परसू, काकाला पाय धुवायला पाणी दे. आणि भाकरीबरोबर ठेचा वाढू नका, आधीच लाल आहे तो."

परसूचं डोकं गरगरत होतं, पण शास्त्रज्ञ डोकं गरगरलं तरी प्रयोग सोडत नाही. ओल्या परीक्षेला तो साहेबांना घेऊन गावी गेला. गावड्यांच्या शेताला लागून असलेल्या पट्टीला सगळा गाव अजून "साहेबाचा तुकडा" म्हणत होता, हे तोवर परसूच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. तिथं एक पडकं जोतं होतं. साहेबांनी जोत्याच्या दगडांच्या कडांवरून हात फिरवला आणि ते मटकन खाली बसले. "हा काठ बघ! असा तिरका घाव फक्त आमच्या गावचे खाणवाले घालतात. आमच्या घराची चूल अशीच आहे!"

निकाल: सिद्ध! शंभर टक्के सिद्ध!

इथं थांबला असता तर काही बिघडलं नसतं. पण सिद्ध झालेली गोष्ट गप्प ठेवेल तो परसू कसला? त्यानं कॉलेजच्या विज्ञान मंडळात व्याख्यान दिलं, फळ्यावर रंगीत खडूनं झाड काढलं आणि एका फांदीवर 'परसू', दुसरीवर 'ग्विलिम' लिहून टाळ्या घेतल्या. पहिल्या रांगेत धोंडिबा सावंत बसले होते.

"जावईबापू, पुरावा भक्कम!" त्यांनी परसूची पाठ थोपटली, तीही अशी की फळा पुसला गेला. "कोर्टात टिकेल! अहो, साहेबाचे भाऊबंद म्हणजे काय चेष्टा आहे?"

मग लग्नपत्रिका छापल्या. 'आपले नम्र' या शब्दांखाली अप्पाजींच्या जोडीनं ठसठशीत नाव आलं: श्री. ग्विलिम टॉमस प्रिचर्ड, मु. पो. वेल्स. पत्रिका हुबळी-धारवाडात घरोघर गेल्या. मुळात आठवड्यासाठी आलेल्या काकांनी बोटीचं तिकीट पुढे ढकललं, फेटा बांधायचा सराव सुरू केला आणि "अक्का, जेवायला वाढ" एवढं मराठी पाठ केलं.

लग्न चार दिवसांवर आलं. अंगणात चूल पेटलेली, शेजारणी लाडू वळायला बसलेल्या, दारात मांडवाचे बांबू पडलेले. अशा वेळी प्रिचर्डकाका आले ते रडत रडत. हातात तार.

"डेव्हिड… माझा मोठा भाऊ… काल गेला!"

सगळं घर हळहळलं. अप्पाजींनी त्यांना हाताला धरून बसवलं. अक्कानं स्वतः पाण्याचा तांब्या आणला, पदरानं त्यांचे डोळे पुसले. "उगी, भाऊ, उगी. जाणारा गेला…" आणि पुसता पुसता तिचा हात मधेच थांबला.

"परसू."

"काय अक्का?"

"हा आपला कोण?"

"काका. चुलत."

"आणि ह्याचा भाऊ?"

"तोही चुलत का…"

"सुतक!" अक्काची किंकाळी रेल्वे स्टेशनापर्यंत गेली असेल. "दहा दिवसांचं सुतक! अगं बायांनो, हात थांबवा! चूल विझवा! देवघराचं दार लावा!"

शेजारणींच्या मुठीत अर्धे वळलेले लाडू तसेच राहिले. कोणीतरी चुलीत पाणी ओतलं आणि त्या धुरात परसूला बेळगावचा फौजदार घोड्यावर बसलेला स्पष्ट दिसला.

"अक्का, असं काय करतेस? वेल्स इथून पाच हजार मैलांवर आहे!"

"मग? लांब गेला म्हणून भाऊबंद सुटतो होय? तुझा चुलता पुण्याला वारला तेव्हा धरलंच ना?"

"पुणं वेगळं!"

"किती मैलांपर्यंत धरायचं ते तुझ्या पुस्तकात असलं तर दाखव!"

"पण तो रक्ताचा नाही! फेटा बांधून झालेला भाऊ!"

"फळ्यावर झाड कोणी काढलं? मी? पत्रिकेत नाव कोणी छापलं? मी? शंभर टक्के सिद्ध, शंभर टक्के सिद्ध, म्हणून कोण नाचत होतं? बोल की आता!"

प्रिचर्डकाकांना वाटलं, घर आपल्या दुःखानं आक्रोश करतंय. ते आणखीच रडू लागले.

परसू सायकल काढून पुरोहित बाळाचार्यांकडे धावला.

"आचार्य, सुतकात लग्न—"

"अय्यो, छे छे! शक्यच नाही."

"काहीच वाट नाही?"

"देवक बसवलं काय?"

"परवा बसणार होतं."

"आता बघा!" बाळाचार्यांनी कपाळावर हात मारला. "देवक बसल्यावर तार आली असती ना, मी स्वतः अक्षता टाकल्या असत्या! एकदा देवक बसलं की सुतक लागत नाही. साहेबाच्या भावाला दोन दिवस कळ काढता आली नाही बघा."

"आणि समजा… तो प्रिचर्ड आमच्या वंशातून निघाला तर?"

"निघणार कसा? मुलगी लग्न होऊन जाते, मुलगा दत्तक जातो. दत्तक गेला म्हणजे गोत्र बदललं, सुतक सुटलं. तिसरा मार्ग मला माहीत नाही."

परसूचे डोळे चकाकले. सायकल थेट उणकलला! यल्लाप्पा तळ्यात बैल धूत होता.

"यल्लाप्पाण्णा, तो धाकटा प्रिचर्ड काढून टाका!"

"काय?"

"वंशावळीतून! चूक झाली म्हणा!"

यल्लाप्पानं हातातला दगड पाण्यात टाकला. "एनप्पा, डोकं ठिकाणावर हाय काय? आमच्या घराण्यात आम्ही माणूस घालतो, काढत नाही! चोर काढला नाही, बायको टाकलेला काढला नाही. मग साहेब कशाला काढू? शोभतं काय?"

"बरं, काढू नका. घाला!"

"काय घालू?"

"तो पुढे दत्तक गेला, असं घाला!"

यल्लाप्पानं बैलाच्या पाठीवर हात ठेवून विचार केला. "घालायला हरकत नाही. पण कुठल्या घरात गेला?"

"कुठल्याही!"

मंडळी, ज्या माणसानं उभ्या आयुष्यात मीठसुद्धा मोजल्याशिवाय आमटीत टाकलं नाही, तो त्या दिवशी 'कुठल्याही' म्हणाला! प्रेम माणसाला काय काय बोलायला लावतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी परसू मोठ्या ऐटीत सगळ्यांना ओट्यावर घेऊन बसला. सुतकाची बातमी ऐकून धोंडिबा धारवाडहून पहिल्या बसनं आले होते, सोबत हेमावती. मिशी टोकदार, डोळे लाल.

"मला फक्त एक सांगा. लग्न तारखेला आहे की नाही? नसेल तर मी इथूनच बेळगावला जातो!"

"मामा, शांत व्हा. आता सगळा उलगडा होईल," परसू म्हणाला आणि त्यानं चोरून हेमावतीकडे पाहिलं. तिनं पदराखाली हात जोडून दाखवले, की काय करायचं ते नीट करा.

बैल आला. घंटा वाजली.

"ऐका हो ऐका! गावड्याच्या घरातला धाकटा प्रिचर्ड! तो काय तिथं राहिला नाही! पंचांच्या साक्षीनं दत्तक गेला!"

"बघ अक्का!" परसू उडालाच. "दत्तक! गोत्र बदललं! सुतक सुटलं!"

"दत्तक गेलाऽऽ," यल्लाप्पानं तान ओढली, "सावंतांच्या घरात! धोंडिबाच्या पणज्याला पहिल्यांदा मूल होत नव्हतं, त्याच्या मांडीवर!"

परसू खाली बसला. ओट्यावर नाही, ओट्याखाली.

धोंडिबांची मिशी एका बाजूनं खाली आली. "माझ्या… पणज्याच्या… मांडीवर?"

"यल्लाप्पाण्णा! त्यांचं घर कशाला?" परसू खालून कळवळला.

"तूच म्हणालास की कुठल्याही! मी ज्यांचं गातो त्यांच्याच घरात घालणार ना? दोघांचं मीच गातो, आणि मोकळी मांडी तेवढी एकच होती!"

"म्हणजे सुतक आमच्याकडे?" धोंडिबा गरजले. "ए हेळव्या! हे चालणार नाही! परत पाठव त्याला!"

"परत म्हणजे?"

"भांडून परत आला असं म्हण! नवं कांबळं देतो!"

यल्लाप्पानं डोळे मिटले. "…सावंतांशी पटलं नाही, आणि धाकटा प्रिचर्ड पुन्हा गावड्याच्या दारात…"

"खबरदार!" अक्का उठून उभी राहिली. "दिलेला पोर परत घेत नाही आम्ही! यल्लाप्पा, धोतरजोडी देते, उंबऱ्यावरूनच हाकल त्याला!"

"आमच्याकडे जागा नाही!"

"आमच्याकडे तरी कुठं आहे? तुमच्याच मांडीवर बसला होता!"

"मूळचा गावडा!"

"नावाचा सावंत!"

यल्लाप्पा बिचारा टॉमस प्रिचर्डला हुबळीहून धारवाडला आणि धारवाडहून हुबळीला इतक्या वेळा नेऊन आणत होता, की त्याच्याबरोबर मान वळवून वळवून बैलसुद्धा दमला. मागे बस पुन्हा खोळंबली होती. बसमधली माणसंही आता दोन तट पाडून ओरडू लागली होती. आणि याच वेळी, काखेत छत्री, डोळे सुजलेले, असे प्रिचर्डकाका गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले.

अक्का त्यांच्याकडे बोट दाखवून ओरडत होती, "प्रिचर्ड!" धोंडिबा छाती पिटून ओरडत होते, "प्रिचर्ड!" काका एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत राहिले. मग त्यांच्या तोंडाचा आ तसाच राहिला.

"परसू," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ही दोन घरं… माझ्या आजोबांसाठी भांडताहेत?"

परसूनं तोंड उघडलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. आणि खरं सांगायला गेलं, तर वाक्य खरंच होतं!

"हो," तो म्हणाला. "त्यांच्याचसाठी."

काकांनी छत्री खाली ठेवली आणि डोक्यावरची हॅट काढली. ते बोलू लागले तसा गलबला थांबत गेला. परसू एकेक वाक्य मराठीत सांगत होता आणि सांगता सांगता त्याचाच आवाज बारीक होत होता.

"काका म्हणताहेत… वाघाची गोष्ट घरात पोरांना सांगण्यापुरती होती. खरं सगळ्यांना माहीत होतं. बायको-मूल टाकून गेलेला माणूस. त्यांच्या घरात आजोबांचं नाव घ्यायची बंदी होती. फोटो होता, तो आजीनं चुलीत घातला. त्यांचे भाऊ डेव्हिड यांनी निघताना बजावलं होतं, कशाला जातोस? असल्या माणसाला तिथंही कोणी उभं केलं नसेल, रस्त्यावर मेला असेल… आणि काका म्हणताहेत… डेव्हिड आज हवा होता. इथं दोन घरं 'आमचा, आमचा' म्हणून भांडताहेत, हे त्यानं बघायला हवं होतं."

यल्लाप्पानं घंटेची जीभ मुठीत धरली.

अक्का ओट्यावरून उतरली. काकांची छत्री उचलून तिनं त्यांच्या हातात दिली.

"सांग त्याला," ती परसूला म्हणाली, "भांडण मिटलं म्हणावं. आमचाच आहे तो."

"आमचासुद्धा," धोंडिबा दुसरीकडे बघत पुटपुटले. "दत्तक म्हणजे काय, मुलगाच की."

काकांनी दोघांना मिठी मारली. आणि अशा रीतीनं, मुहूर्त तोंडावर आलेला असताना, वराकडचं घर सुतकात आणि वधूकडचंही घर सुतकात! सगळ्या धारवाड जिल्ह्यात असं कधी झालं नव्हतं, असं बाळाचार्य आजही शपथेवर सांगतात.

परसू ओट्याच्या कडेला डोकं धरून बसला. संपलं सगळं! आता हेमावती फौजदाराची!

"काय बसलाय असे?" शेजारून हलक्या आवाजात कोणी बोललं. हेमावती होती.

"तुझे वडील आता बेळगावला जाणार."

"कसे जातील? घरात सुतक आहे की," ती म्हणाली. "सुतकात माझं लग्न तुमच्याशी होत नाही, तसं फौजदाराशी तरी कसं होईल? एवढ्या परीक्षा पास झालात, हे नाही सुचलं?"

नव्हतं सुचलं! परसूनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याला पहिल्यांदाच वाटलं, की फळ्यापुढे आपण उगाच उभे राहिलो, तिथं हिला उभं करायला हवं होतं.

फौजदाराला घाई होती. त्यानं त्याच महिन्यात दुसरीकडे माळ घातली. डेव्हिडरावांचं दहावं उणकलच्या तळ्यावर झालं. दोन्ही घरची माणसं एका पंगतीला जेवली आणि काकांनी तिथं त्यांच्या भाषेतलं एक गाणं म्हटलं. शब्द कोणालाच कळले नाहीत, पण धोंडिबा दोनदा उठून तोंड धुऊन आले.

वैशाखात पुन्हा मुहूर्त निघाला. पुन्हा मांडव, पुन्हा लाडू. या वेळी अक्कानं तिथीची वाट पाहिली नाही, मुहूर्त कळताच बाळाचार्यांना गाठून म्हणाली, "आचार्य, देवक जितकं लवकर बसवता येईल तितकं बसवा!" काकांचा फेटा झक्क बसला होता. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी ते परसूच्या कानाशी वाकले, डोळ्यांत आनंद मावत नव्हता.

"तुला एक चांगली बातमी सांगायची राहिली. मी घरी सगळ्यांना कळवलंय! आमची भावकी मोठी आहे. आजोबांच्या भावांचे नातू, म्हणजे माझे बावीस चुलत भाऊ, बहुतेक ऐंशीच्या पुढचे. सगळ्यांनी कबूल केलंय. कोणाचं काही बरंवाईट झालं, की पहिली तार तुमच्या घरी!"

परसू हातातल्या हाराची फुलं मोजू लागला. अंतरपाटापलीकडून हेमावतीनं हळूच विचारलं, "काय झालं?" तो कसंबसं म्हणाला, "बावीस." तिला काही कळलं नाही.

शेवटची अक्षता पडली, वाजंत्री वाजली आणि नेमका तेव्हाच मांडवाच्या दाराशी तारवाला सायकलवरून उतरला.

"गावडे कोण? तार आहे!"

मांडव थिजला. वाजंत्रीवाल्याची सनई अर्ध्या सुरात अडकली. अप्पाजी पुढे झाले, पण त्यांच्या आधी अक्का पोचली. तिनं तार हिसकावली, न फोडता कमरेला घट्ट खोचली, आणि तारवाल्याच्या तोंडात अख्खा लाडू कोंबला.

"अक्का, वाच की," अप्पाजी भीत भीत म्हणाले.

"कशाला?" अक्कानं सगळ्यांकडे डोळे वटारून पाहिलं. "वाचली नाही तोवर सगळे जिवंत आहेत! चला, पानं वाढा!"

पंगत बसली. हेमावतीनं घास भरवताना परसूला विचारलं, "काय असेल हो त्या तारेत?"

"शुभेच्छा," परसू म्हणाला.

"कशावरून?"

परसूनं घास गिळला आणि आजूबाजूला पाहून हळूच म्हणाला,

"असंच."